हे लुगडं कायचं?

देवळी, रविवार, चैत्र १९५४

लिहायलाही लाज वाटते. काल रमावर हात उचलला, म्हणून आज नेहमीसारखं लुगडं घेऊन घरी आलो. अंगणात ती पेटीतली लुगडी उन्हात घालत होती. तिची बहीण विचारत होती, कोणतं कायचं. मला वाटलं, दिवाळीचं, संक्रांतीचं सांगेल.

"हे भाकर करपली तवाचं. हे कवाड उघडाले उशीर झाला तवाचं. हे मी हासली तवाचं."

एकाचीही घडी मोडलेली नव्हती. मला कधीच कसं दिसलं नाही? आणि गाव मला हौशी म्हणतं!

मेहुणीनं माझ्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. "अन् हे कायचं, भाऊजी?"

काल हात कशावरून उचलला, ते मला आठवेना. रमानं पेटीत जागा केली.