दहा इंची चाकं

खडकी, पुणे
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

चि. योगेश,

अनेक आशीर्वाद. इकडे मी आणि बाबा ठीक आहोत. बाबांची प्रकृती बरी आहे. तू, ऋतुजा आणि अर्णव मजेत असाल. अर्णवची यंदा दहावी, म्हणजे त्याचा अभ्यास तुम्ही दोघं करत असणार.

खडकीहून हडपसरला पत्र पाठवणारी बाई अख्ख्या पुण्यात मी एकटीच उरले असेन. पण फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडायला लागतो आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

बातमी अशी की मिनीला टायर मिळाले.

हो, तीच मिनी. बाबा दारूगोळा फॅक्टरीत टर्नर होते तेव्हा बदली होऊन जाणाऱ्या एका कर्नलकडून त्यांनी घेतलेली. आई, आपण दोघं आणि यवतमाळहून आलेले पाहुणे असे सगळे तिच्यात मावायचो, आणि कसे मावायचो ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेतली पोरं तुला ‘रिक्षाच्या चाकांची गाडी’ म्हणून चिडवायची. तू घर सोडलंस तेव्हा ती अंगणात विटांवर उभी होती. त्याला अकरा वर्षं झाली, ती अजून विटांवरच आहे.

तू गेल्यावर सुरू झालेली एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. दर रविवारी सकाळी आंघोळ करून बाबा गाडीत बसतात आणि इंजिन सुरू करतात. पुढच्या नुसत्या लोखंडी रिमा हवेत गरगर फिरतात. बाबा गिअर बदलतात, आरशात बघतात, एकदा हॉर्न वाजवतात. मग इंजिन बंद करून उतरतात आणि दार हलकेच लावतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आता मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते आणि बघत राहते. कुठेही न जाणारी गाडी इतक्या मनापासून चालवणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

दसऱ्याला तिची पूजाही होते. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. फक्त चाकाखाली लिंबू नसतं. मी एकदा आपली रिमेखालच्या रिकाम्या जागेत ठेवायला गेले तर म्हणाले, “उचल ते. चाक जमिनीले टेकलं नाही अन् लिंबू कायले?”

यंदा जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं की दसऱ्याला गाडी रस्त्यावर निघणार. ब्रेक, बॅटरी, कागदपत्रं, सगळं झालं. आपल्या कोपऱ्यावरचं गॅरेज आता शुभंकर चालवतो, त्याने जीव ओतून काम केलं. अडलं ते टायरांपाशी. मिनीची रिम दहा इंची, म्हणजे बाबांची एक वीत आणि वर अंगठा. हल्लीच्या गाड्यांची चाकं कुठल्या कुठे गेली आहेत. तुमच्या सोसायटीतल्या गाड्यांची तर माझ्या कमरेला लागतात.

मी नाना पेठेत गेले. पहिल्या दुकानदाराने विचारलं, “स्कूटरला हवेत का?” मी म्हटलं, मोटारीला. तो म्हणाला, “मग मोटारीचे मागा.” दुसरा म्हणाला, “बाई, कंपनी हे बनवत नाही. मीही बनवत नाही.” तिसऱ्याने पेपरमधून डोकं वर काढलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “दर वर्षी दसऱ्याच्या आधी एक वयस्कर गृहस्थ हेच विचारायला येतात. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. तुमचे कोण?”

मी त्याच्या स्टुलावर बसले, योगेश. बाबा वर्षानुवर्षं एकटे पीएमटीने तिथे जात होते आणि घरी येऊन मला सांगत होते की मंडईत गेलो होतो. पिशवीत थोडी भाजीही आणत होते.

मालवाहू रिक्षाचे टायर दहा इंची असतात, हा शोध मात्र माझा. मोठ्या तोऱ्यात घेऊन आले. ते रिमेवर चढले, पण इतके उंच आणि जाड की स्टिअरिंग वळवलं की मडगार्डला घासायचे. शुभंकर म्हणाला, “ताई, गाडी जाईल. वळणार नाही.” खडकी ते हडपसर सरळ रस्ता असता तर मी तसंही चालवून घेतलं असतं. हे वाक्य आता खोडत नाही, का ते पुढे कळेलच. परदेशात हे टायर अजून बनतात, पण मागवले तर यायला किती महिने, याचा कुणी नेम सांगेना. आणि थांबायला वेळ नव्हता. तेही पुढे लिहिते.

शेवटी शुभंकरने जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, आता पन्नास जणांचे जोडलेले हात येतील आणि काम संपेल. तर कोचीचा एक डॉक्टर आपल्या गोदामात कंदील घेऊन शिरला, कारण तिथे दिवा नव्हता. राजकोटच्या एका बाईंनी नवऱ्याच्या पश्चात जपलेले दोन टायर मोजून त्यांचे फोटो पाठवले आणि वर लिहिलं, रबर तडकलंय, चालणार नाही, क्षमा करा. आपल्याला कोण ओळखतं तिथे? एका खडकीच्या म्हाताऱ्याची गाडी चालावी म्हणून कुठकुठली माणसं धुळीत हात घालत होती. मी रोज शाळेत शिकवून आले की ते वाचत बसायचे आणि जेवण गार व्हायचं.

मग कराडहून आप्पासाहेबांचा फोन आला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, बाबांच्याच वयाचे. “माझ्याकडे मिनी आहे,” म्हणाले. “टायर चांगले आहेत. येऊन घेऊन जा.” बस्स, एवढंच बोलले.

गेल्या रविवारी मी आणि शुभंकर टेम्पो घेऊन गेलो. मला वाटलं होतं, माळ्यावर कुठेतरी टायर पडले असतील. तसं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची मिनी होती, गर्द हिरवी, आरशासारखी पुसलेली, आणि ते चारही टायर तिच्याच पायात होते. लेकीने दोन खेपांत इंग्लंडहून आणलेले. टायर बसवले आणि नंतर इंजिनाचा ब्लॉक फुटला. तो काही मिळाला नाही. पण टायर एका जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून दर महिन्याला ते आणि त्यांची बायको, दोघं मिळून गाडी हातभर पुढे ढकलायचे, पुढच्या महिन्यात हातभर मागे. शेडच्या जमिनीवर त्या येण्याजाण्याचे दोन पट्टे उमटले आहेत. मी ते पट्टे बघत उभी राहिले.

बाजूला विटा रचून तयार होत्या. मी म्हटलं, “आप्पासाहेब, तुमची गाडी विटांवर चढवून आमची उतरवायची? हे मला जमणार नाही.”

ते म्हणाले, “अहो बाई, उभं राहायला माझ्या गाडीला विटा पुरत्यात. तुमची जाणार हाय न्हवं कुठंतरी?”

मी म्हटलं, जाणार आहे.

“मग काढा की. जाणाऱ्याला पाय द्यावं.”

पैशांचा विषय काढला तर त्यांच्या पत्नी उठून चहा टाकायला गेल्या. निघताना आप्पासाहेबांनी एकच मागितलं. दसऱ्याला चार चाकांखाली चार लिंबं ठेवाल, त्यातलं एक माझ्या नावाचं ठेवा. टेम्पो निघाला तेव्हा दोघं त्या विटांवरच्या गाडीशेजारी उभे राहून हात हलवत होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी खंबाटकी घाटापर्यंत थांबलं नाही, आणि शुभंकर बिचारा उगाच रेडिओ मोठा करत होता.

टायर आणले ते पितृपक्षात. या दिवसांत नवं काही चढवायचं नाही म्हणून बाबांनी ते मधल्या खोलीत ओळीने मांडले आणि त्यांवर आईची जुनी सोलापुरी चादर घातली. रात्री उठले की चादर उचलून बघतात. उद्या घट बसले की चढवायचे.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. वर ‘प्रकृती बरी आहे’ असं लिहिलंय ते सवयीने. बरी नाही. जूनमध्ये बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको, घरी न्या आणि त्यांना आवडेल ते करू द्या. मी तुला तिथूनच फोन लावत होते तर बाबांनी हात धरला. म्हणाले, “त्याले नको सांगू. दवाखान्यात त कोणीबी येते. त्याले येणं नाही म्हणत.” आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दसऱ्याचं जाहीर केलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या ऑपरेशनच्या वेळी तू भंगारवाल्याला अंगणात आणलंस. तुला त्यांना तुझ्या हडपसरच्या नव्या घरी न्यायचं होतं आणि गाडीपायी ते हलत नव्हते, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यांना फक्त भंगारवाला दिसला. मग जे व्हायचं ते झालं. चपला घालता घालता तू म्हणालास, “ही गाडी स्वतःच्या चाकांवर माझ्या दारात येऊ दे, मग मी या घरात पाय ठेवीन.”

तू रागात बोललास. दुसरा बाप असता तर संध्याकाळपर्यंत विसरला असता, नाहीतर आठवडाभराने रिक्षा करून तुझ्याकडे आला असता. पण आपला बाप टर्नर आहे. जन्मभर वरून जे माप आलं त्याबरहुकूम काम करून दिलं, सूतभर इकडेतिकडे नाही. तुझं वाक्य त्यांनी तसंच घेतलं. स्वतःच्या चाकांवर, म्हणजे टोइंगच्या गाडीवर चढवून नाही. तुझ्या दारात, म्हणजे खडकीत नाही. दर रविवारी ते इंजिन कशासाठी तयार ठेवत होते, हे मला नाना पेठेतल्या त्या स्टुलावर कळलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

पत्र काल पेटीत टाकणार होते. बरं झालं नाही टाकलं.

आज शाळेला रजा टाकली. सकाळी घट बसवले आणि शुभंकरने टायर चढवले. जॅक हळूहळू खाली येत होता. शेजारचे सगळे जमले होते, एरवी गाडीच्या धुळीवरून आम्हाला टोमणे मारणारेसुद्धा. चाकं टेकली. गाडी थोडीशी दबली आणि थांबली. बाबा खाली वाकले, टायर जमिनीला जिथे लागतो तिथून बोट फिरवलं, आणि म्हणाले, “टेकली.”

मग मी चालवली. बाबा शेजारी. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, एवढंच. इतक्या खालून रस्ता मी लहानपणानंतर पाहिला नव्हता. त्या एवढ्याशा चाकांवर आम्ही दोघं जात होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे आप्पासाहेबांच्या शेडमधले ते दोन पट्टे आहेत, तेच लांब होत चाललेत. बाबांनी डॅशबोर्डवर हात ठेवला होता.

दसऱ्याला लहानांनी सोनं घेऊन मोठ्यांकडे जायचं असतं. दर वर्षी बाबा धुतलेला सदरा घालून दाराशी खुर्ची टाकून बसतात, दिवे लागले की उठतात. यंदा आपट्याची पानं घेऊन ते निघणार. मी म्हटलं, बाबा, हे उलटं होतंय. तर म्हणाले, “होऊ दे ना व. सोनं देणाऱ्याचं वय पाह्यतं का कोणी?”

तेव्हा गुरुवारी, २ तारखेला, चारच्या सुमाराला आम्ही येतो आहोत. गाडी मी चालवेन, मागे शुभंकर मोटरसायकलवर असेल. वाटेत बंद पडलो तरी पडून राहणार नाही.

एक अडचण आहे, ती बाबांना सांगितलेली नाही. परवा मी तुमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत येऊन गेले. वर आले नाही. आतला तो उंच स्पीडब्रेकर छत्रीने मोजत होते तर वॉचमनला संशय आला, मग निघाले. मोठ्या चाकांच्या गाड्यांसाठी तो ठीक आहे. मिनीचं पोट त्याच्यावर टेकेल आणि ती तिथेच अडकेल. बाबांना वाटतंय आपण थेट दारात जाणार. त्यांनी मापाने काम केलं आहे, एवढंच अंतर त्यांच्या हातात नाही. गाडी फाटकाबाहेर थांबेल. तिथून पुढे तिला येता येणार नाही, तुला यावं लागेल.

एक लिंबू आण. तीन चाकांखालची आम्ही इथे निघताना ठेवू, त्यात आप्पासाहेबांचं पहिलं. चौथं चाक मोकळं ठेवणार आहोत. त्याखालचं लिंबू तू तुझ्या फाटकापाशी ठेव, आणि मग घरी यायला गाडीत बस. ऋतुजा आणि अर्णवलाही घे. मावू. गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागेल, ते तुला येतं.

घरी बाबांची खुर्ची त्या दिवशी मी दारातून उचलून ठेवणार आहे.

फाटकाबाहेर, इंजिन चालू ठेवून,
तुझी ताई