इंग्रजी घराचा तुकडा

देरा, दुबई

ती. अण्णांना वरदचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. उकाडाही जरा उतरलाय. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या मरीना भागातलं हॉटेल पुरं झालं. जुन्या इंग्रजी घरासारखं, काळे खांब, तिरके आधार, मधे पांढरी भिंत. तुम्ही फोटो सगळ्या आळीला दाखवलात म्हणे. तिकडच्या खऱ्या घरांत लाकडात लाकूड बसवून वर लाकडाचीच खुंटी मारतात, खिळा नाही. अगदी तुमच्या सुतारकामासारखं.

पण हे घर सिमेंटचं आहे, अण्णा. खांब थर्माकोलचे. मीच ते गोंदाने चिकटवले आणि ब्रशने वर लाकडाच्या रेषा काढल्या. एक गाठसुद्धा रंगवली. इंजिनीअर म्हणाला, "खलास हबीबी, एकदम असली!" मला मान वर करवेना.

बांधलेल्या प्रत्येक घराचा एक तुकडा तुम्ही दसऱ्याला हत्यारांशेजारी पुजता, म्हणून याचाही मागितलात. माझ्याबरोबर काम करणारा कुशल गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवलाय. हातात घेतलात की वजनावरून कळेलच.

पूजेत मांडू नका. त्या जागी माझी जुनी पटाशी ठेवा. आईला सांगा, तुकडा विमानतळावर काढून घेतला.

तुमचा,
वरद