शिरवळची खानावळ आणि तिथला भात यांबाबत

मी, वीरधवल जोतीराम चवरे, वय बावीस, मूळ राहणार आटपाडी, हल्ली मुक्काम शिरवळ, धंदा खानावळ, लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी जाग्यावर आहे, मला कोणी धरून बसवलेलं नाही आणि मी काही प्यालेलो नाही. येत्या गुरुवारी सांगलीत माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला, म्हणून हा कागद. शिवांजलीच्या घरून लग्नाला नकार आला म्हणून मी जिवाचं बरंवाईट करतोय, असं कोणी पसरवू नये. मला जगायचं आहे, त्यासाठीच छाती उघडून घेतोय.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात मोबाइलवरून ज्यांना ज्यांना काही पाठवलं, ते मृत्युपत्र धरू नये.

कलम १. माझी मोटरसायकल धाकटी बहीण पूजा हिला द्यावी. ती चालवायला शिकू लागली तर आण्णांनी आडवं येऊ नये. आण्णा म्हणजे माझे वडील जोतीराम. त्यांना द्यावं असं माझ्याकडं काही नाही, फक्त एक खुलासा आहे. सांगलीचं इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला त्यांना न विचारता सोडलं, तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. कारण आज लिहितो. शिवांजली माझ्या वर्गात होती. तिचे वडील, लोणंदचे सुभेदार नानासो भोईटे, पोरगी वर्दीलाच देणार असं ती एकदा बोलून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात दिसलो नाही, मैदानावर दिसलो. सैन्यभरतीत पळण्यात माझ्या गटात पहिला आलो. मेडिकलला डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली, आणि कागदावर अपात्र लिहिलं. ही झडप तेव्हाच सापडली. दोन वर्षं मी ते घरात कोणाला कळू दिलं नाही, ते गेल्या आठवड्यात कळलं. आण्णा, चुकलं ते न विचारण्यात. भरतीला पळालो त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

कलम २. खानावळीच्या पोटमाळ्यावर पत्र्याच्या पिंपात कोलम तांदळाचं एक पोतं आहे. सुट्टीत गावी आलेली शिवांजली मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा माझ्याकडं जेवली, त्या आठवड्यात मी ते बाजूला काढलं. आमचा मुलूख ज्वारी-बाजरीचा, भात सणाला नाहीतर लग्नाला. लग्नातला भात जुन्या तांदळाचा असावा, ही गोष्ट माझ्या मनात लहानपणापासून बसलेली. तेव्हा आमच्या लग्नासाठी तांदूळ आतापासून जुना करायला ठेवला. तिला काही विचारलं नव्हतं. कडुनिंबाचा पाला घालून, दर दोन महिन्यांनी सावलीत पसरून सांभाळला, एक किडा लागू दिला नाही. हे पोतं तिच्या लग्नात शिजवावं, नवरा कोणी का असेना. वऱ्हाडाला पोटभर वाढावं. नवरदेवाला तळाची करपलेली खरपुडी दिली तरी माझी हरकत नाही. हे शेवटचं वाक्य काढा असं वकील म्हणाले. मी काढत नाही.

कलम ३. खानावळ जो कोणी चालवील त्यानं भात असा करावा. ही सूचना नाही, अट आहे.

तांदूळ घेताना पोत्यावरचं नाव वाचून फसू नये. मूठभर तळहातावर घ्यावा. फार पांढरा, चमकता, हाताला पीठ लागणारा तांदूळ नवा. जुना जरा पिवळसर, मळकट दिसतो, त्याला नाव ठेवू नये. एक दाणा दाताखाली धरावा. कट्‌कन तुटला तर जुना. दबून मग तुटला तर नवा. कणी जास्त असेल तर दुकानदार मामा लागत असला तरी परत करावा.

तीन पाण्यांत धुवावा, पण हात चोळून नाही, दाणा मोडतो. अर्धा तास भिजवून चाळणीत निथळावा. वाटीभर जुन्याला सव्वादोन वाट्या पाणी. आधण खळखळ उकळल्यावर मीठ, चमचाभर तेल आणि लिंबाचे चार थेंब घालावेत, मग तांदूळ. पहिल्यांदा आच मोठी. पाणी तांदळाच्या बरोबरीला आलं आणि भातावर भोकं दिसायला लागली की आच अगदी बारीक करावी, झाकण ठेवावं, झाकणात पाणी ओतावं. बारा मिनिटं. मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकणाला हात लावू नये. मला हीच दहा मिनिटं जमायला सगळ्यात जास्त दिवस लागले. उलथन्यानं कडेकडेनं सोडवावा, मधे ढवळू नये.

गिऱ्हाईक बाहेर ताटकळलं तरी कुकर आणू नये. जाड बुडाचं पितळी पातेलं वापरावं. ते पातेलं माझं नाही. लोणंदला कल्हई करणारे चांदसाहेब चाचा यांनी ते खानावळीला दिलं, दर चार महिन्यांनी आपल्या हातानं कल्हई केली, आणि मी त्यांच्या पोराला मारलं तरी परत मागितलं नाही. खानावळ बंद पडली तर पातेलं त्यांच्या घरी पोचवावं.

नव्या तांदळाला पाणी दीड वाटी, जास्तीत जास्त पावणेदोन. हे विसरू नये. पुढचं कलम त्यामुळंच लिहावं लागतंय.

कलम ४. माझा भागीदार मुजीब, चांदसाहेब चाचांचा मुलगा. डिसेंबरात शिवांजलीच्या शब्दाखातर वर्दीचा हट्ट बाजूला ठेवून नानासो मला बघायला म्हणून तिला घेऊन खानावळीत जेवायला आले. त्या सकाळी मुजीब नवं पोतं फोडताना म्हणाला होता, "वीरू, ह्यो नवा हाय रं, पाणी कमी घाल." मी व्हय म्हणालो. माझं लक्ष रस्त्याकडं होतं. पाणी घातलं सव्वादोन वाटीच्या हिशोबानं. झाकण काढलं तर भाताची खळ झालेली. पाहुण्यांसमोर मी ओरडलो, "असला माल आणतोस व्हय? माझं वाटोळं करायला बसलायस." आणि हातातलं उलथनं फेकून मारलं. ते त्याच्या भुवईला लागलं. त्यानं रक्त पुसलं, ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि गेला. तांदळाबद्दल एक शब्द बोलला नाही.

नानासोंनी तो भात पानात एक शीत न ठेवता खाल्ला. हात धुऊन म्हणाले, "भात बिघडला तर बिघडला. पण सोबत्याच्या अंगावर हात टाकणाऱ्याला आमी पलटणीत शेजारी झोपवत न्हवतो. पोरगी कशी द्यावी?" शिवांजली खाली बघत होती. त्यानंतर तिनं माझा फोन घेतला नाही.

सबब लिहून देतो की चूक माझी होती, मुजीबनं सांगितलं होतं, तांदूळ चांगला होता. खानावळ, गाळ्याचा करार, भट्टी, भांडी आणि बाकडी सगळी मुजीबला मिळावीत.

हे सगळं शनिवारी लिहिलं. वकिलांनी बजावलं की ज्याला मिळकत जाणार त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. गाळामालक भाऊसो धायगुडे यांनी नक्कल लोणंदला मुजीबकडं नेली.

पुरवणी, बुधवार. मुजीब आज सकाळी आला. नक्कल हातातच होती.

"छातीचं हे कवापास्नं?"

"भरतीपास्नं."

"आन मला भाऊसोकडनं कळावं?"

मी नकलेकडं बोट दाखवलं. "कागदावर लय लिवलंयस," तो म्हणाला, "तोंडानं बोल."

बोललो. जे बोललो ते इथं लिहीत नाही.

मग त्यानं विचारलं, "साक्षीदार कोण?"

"एक भाऊसो. दुसरा अजून न्हाई."

"पेन दे, मी करतो सही."

"तुला चालत न्हाई. खानावळ तुला जातीय."

"वाचलंय मी. म्हणूनच करतोय. मेलेल्याची खानावळ मला नको. उद्यापास्नं भात मी लावतो. तुला वजन उचलायला बंदी असंल तर बसून तांदूळ निवड, पण निवडायला माघारी यायचं."

"आवं, मग कलम चारचं काय?" शेजारी बसलेल्या भाऊसोंनी वकिलांना फोनवर विचारलं. वकील म्हणाले, खोडा आणि शेजारी सही करा.

त्याप्रमाणे कलम ४ मधली मिळकतीची शेवटची ओळ खोडली आहे. चुकीची कबुली खोडलेली नाही. खानावळ कोणालाही दिलेली नाही. ती चालू आहे.

स्थळ: शिरवळ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

लिहून देणार: वीरधवल जोतीराम चवरे

लिहून देणाऱ्यानं आमच्यासमोर सही केली, आणि त्याच्यासमोर आम्ही:

१. भाऊसो धायगुडे, राहणार शिरवळ
२. मुजीब चांदसाहेब तांबोळी, राहणार लोणंद, उद्यापासून शिरवळ