आप्पांच्या खाटेशेजारचा लॅपटॉप

१४ फेब्रुवारी २००५, इंदिरानगर

माहेरून, कळवणहून पहाटेच्या एसटीने परत, तशीच ऑफिसात. अर्धांगाच्या झटक्याला तीन आठवडे झाले, आप्पांचा उजवा हात अजून उचलला जात नाही. बोलणं एखाद-दुसरा शब्द, तोही तोंडातल्या तोंडात. डॉक्टर म्हणाले, दिवसातून तीनदा व्यायाम, आणि त्यांच्याशी सारखं बोलत राहा. पहिले तीन-चार महिनेच महत्त्वाचे. आईला एकटीला त्यांना उठवून बसवता येत नाही. इकडे आणायचं तर आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि ते कळवण सोडायला तयारही नाहीत.

रजा संपली. सर म्हणाले, "वैशाली, माझी अडचण समजून घे. शाळेच्या इमारतीचं डिझाइन महिनाअखेर द्यायचंय. तू नसलीस तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." रागावून नाही बोलले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी

सरांच्या कपाटात लॅपटॉप असतो. क्लाएंटला चित्रं दाखवायला घेतलेला. विचारलं, हा घेऊन कळवणला बसले तर?

सर हसले. "अगं, ते पत्रं टाइप करायला. इमारत भूकंपात टिकेल का, हा हिशेब त्याला झेपणार आहे का? आपला डेस्कटॉप चोवीसशे मेगाहर्ट्झचा, हा सोळाशेचा. दीडपट फरक डोळ्यांना दिसतोय."

म्हटलं, एकदा करून बघते.

"बघ. पण आकडे आण. नुसतं चालतंय म्हणून सांगू नकोस."

१६ फेब्रुवारी

शाळेची तीच तीन मजली इमारत, तोच प्रोग्राम, मेमरी दोन्हीकडे सारखी. दोन्ही मशीन शेजारी ठेवून घड्याळ लावलं.

डेस्कटॉप - ३८ मि.
लॅपटॉप - ४३ मि.

विश्वास बसेना. पुन्हा लावलं. ३८, ४३. सरांच्या हिशेबाने लॅपटॉपला ५७ लागायला हवी होती.

सरांनी स्वतः बसून प्रत्येक कॉलमला लागणारं स्टील ताडून पाहिलं. दोन्हीकडे तेच. "उत्तर तेच येतंय," एवढंच. मग चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आठ दिवस घेऊन जा. पण तिकडे वीज किती वेळ असते ते तुला माहीतच आहे."

घरी नवऱ्याला, प्रकाशला, सांगितलं. "जा तू. मला वरण-भात येतो," म्हणाला. वरण कच्चं ठेवतो, पण जिवंत राहील.

१८ फेब्रुवारी, कळवण

आप्पांच्या खाटेवरच पायाशी बसले, लॅपटॉप गोधडीवर. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं. काही हरकत नाही म्हटलं, बॅटरी आहे. ४३ मिनिटांचं काम पावणेदोन तास झाले तरी संपेना. शेवटी बॅटरीच संपली. सगळं गेलं.

आई चहा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कप खिडकीत ठेवून परत गेली.

आठातला एक दिवस संपला.

१९ फेब्रुवारी

सापडलं. वीज गेली किंवा चार्जर काढला की लॅपटॉप आपोआप वेग कमी करतो. सोळाशेवरून सहाशेवर. चार्जिंग पुरवून वापरायला. सेटिंग बदलून पूर्ण वेगावर ठेवला. आता बॅटरी सव्वा तासच टिकते, पण तेवढ्यात एक पूर्ण हिशेब व्हायला हवा. काटकसरीने चालवला तर काम अर्धवट राहतं, जोरात चालवला तर पुरं होतं. गंमतच.

झालाही. पण ४३ नाही, ७० मिनिटं. बॅटरी संपता संपता. का, ते कळत नाही. सकाळी वीज असतानाही तेच, ६८.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

हिशेब चालू होता. आप्पा पडल्या पडल्या बघत होते. मग डावा हात सरकवत लॅपटॉपच्या कडेला लावला, तिथेच ठेवला. आणि म्हणाले, "तपी गयं."

मी म्हटलं, काय? पुन्हा, सावकाश, "तपी... गयं."

तापलंय. खालून हात लावला तर चटका बसला. हवा जायची जाळी गोधडीत बुडालेली. फार तापला की हा स्वतःच दम खातो, वेग कमी करतो. ऑफिसात टेबलावर होता म्हणून कळलंच नव्हतं.

आईचा पाट मागितला, त्यावर दोन काडेपेट्या, त्यांवर लॅपटॉप. ४४ मिनिटं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. "महिनाभरात पहिल्यांदा आपणहून बोलले," म्हणाली. पदराने पाट पुसायला लागली, लॅपटॉप वर असतानाच.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बोलत राहा सांगितलंय, म्हणून व्यायाम करून घेताना आप्पांना सगळं सांगते. दुसरं आहे काय माझ्याकडे बोलायला. आज सोळाशे-चोवीसशेची गोष्ट सांगितली. कमी वेगाचा असून हा इतका मागे का पडत नाही, ते मलाच नीट कळलेलं नाही, असंही सांगितलं.

आप्पांनी तीस वर्षं तालुक्यातली डिझेल इंजिनं उघडली, जोडली. बराच वेळ तोंड हलत होतं. मग एकेक शब्द करत, "चक्कर... कमी. ओढ... जास्त. आसं बी शे."

म्हणजे कमी फेरे घेऊन जास्त ओढणारं इंजिनही असतं, तसाच हा एकेका फेऱ्यात काम जास्त उरकतो. नुसते फेरे, म्हणजे मेगाहर्ट्झ, मोजून भागत नाही. सरांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "वडील म्हणाले असं? बरोबर आहे त्यांचं."

आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हसत होते.

२६ फेब्रुवारी

शाळेचं डिझाइन पूर्ण. स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून पाठवलं. दुपारी सरांचा फोन. "बघितलं. चूक नाही." आणि लगेच, "एक सात मजली आलीय. ती या लॅपटॉपवर होते का बघ. झाली तर तीन महिने तिथूनच कर. नाही झाली तर मात्र सोमवारी इथे ये. दुसरा मार्ग नाही माझ्याकडे."

आईला फक्त पहिलं अर्धं सांगितलं.

२७ फेब्रुवारी

सात मजली सकाळी लावली. मेमरी अपुरी पडतेय, डिस्क सारखी कुरकुरतेय. शाळेपेक्षा तिप्पट वेळ तर नक्की. वीज बारापर्यंत आहे, त्यापुढे बॅटरी. अकराला चाळीस टक्के झालं होतं. नुसती बघत बसले, जसं काही बघितल्याने लवकर होणार आहे.

आप्पांनी डाव्या हाताने माझी ओढणी ओढली. दाराकडे मान. "भाईर."

"चालत?"

मान हलवली. होय.

आईने एक बाजू धरली, मी एक. उजवा पाय फरफटत, पण टेकत होता. उंबऱ्याशी थांबले, आम्हाला वाटलं परत फिरवावं. आप्पांनी पाय उचलला. ओट्यावर बसले. समोरच्या गल्लीतला माणूस सायकलवरून उतरून बघतच राहिला.

आता तिथेच बसलेत, उन्हात. मीही बाजूला, वही मांडीवर. बारा वाजून गेलेत. वीज गेलीय, आतला पंखा थांबलाय; लॅपटॉप आता बॅटरीवर. उठून बघायला हवं कुठवर आलंय ते. आप्पा म्हणतायत, "बस जराशी."