काव्याच्या पानात दश्शी आली

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, सोमवार

तीर्थरूप मल्लव्वाक्का यांना धाकटी बहीण दाक्षायणीचा शरणु शरणार्थी. तुमची तब्येत, तुमचे गुडघे, भावजींचा खोकला आणि वैरागच्या बाजारातून आणलेली ती लाथा मारणारी म्हैस, सगळी आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालते. (वरती ‘तुमची’ लिहिलं, कारण थोरल्यांना पत्रात तसं लिहितात. आता ‘तू’ म्हणते. सगळं पत्रभर तुम्ही-तुम्ही करायला माझा हात दुखतो.)

आधी एक काम कर. हे पत्र आणि शेंगाच्या चटणीचा डबा घेऊन जे माणूस तुझ्या दारात आलंय, त्याला पाणी दे, पंख्याखाली बसव, मग वाच. मनातल्या मनात वाच, तुझी मोठ्यानं वाचायची सवय आजच्या दिवस सोड. चष्मा सापडत नसेल तर देव्हाऱ्यात बघ. माझं अक्षर तुला माहीत आहे, चौथीनंतर मास्तरांची आणि माझी गाठ पडली नाही, तेव्हा कुठं काना-मात्रा कमी पडली तर तू आपल्या घरची घालून घे.

परवा तू चेहरा दिसायच्या फोनवर म्हणालीस, “दाक्षा, गुरुराजच्या लग्नाला सगळी या, पण तुज्या त्या नातीला, काव्याला आणू नगं. नवरीकडची माणसं इचारतील, पोरगी काय करती? मी काय सांगू, पत्ते कुटती?” मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. नातू तुझा, लग्न तुझ्या घरचं, त्यात मी कोण बोलणार? मला राग आलेला नाही. हे पत्र त्यासाठी नाहीच मुळी. मी काव्याबरोबर गोव्याला जाऊन आले ते तुला सांगायचं राहून गेलं होतं, तेवढ्यासाठी लिहिते.

आता काव्या काय करते ते आधी सांगते, कारण मलाच ते समजायला लई दिवस लागले. पोकर म्हणून पत्त्यांचा खेळ असतो. प्रत्येकाला दोनच पानं, ती आपली आपण कोपरा उचलून बघायची, कुणाला दाखवायची नाहीत. मधे पाच पानं उघडी पडतात, ती सगळ्यांची. (पंगतीत बसल्यासारखं धर. मधल्या पातेल्यातली भाजी सगळ्यांची, ताटातली चटणी ज्याची त्याची.) मग माझं ताट भारी म्हणून प्रत्येकजण प्लास्टिकच्या चकत्या पुढं सरकवतो, आणि ज्याला आपलं ताट हलकं वाटतं तो पानं टाकून देतो. गंमत अशी की ताट रिकामं असलं तरी भारी असल्याचं सोंग करता येतं. म्हणून काव्या पानं कमी बघते आणि माणसं जास्त. इंजिनीर झाली, पुण्यात ऑफिसात बसली, आणि एक दिवस नोकरी सोडून हेच करायला लागली. गोवा झालं, परदेशात व्हिएतनाम का काय ते झालं. एका स्पर्धेत पहिली आली तेव्हा बादलीएवढा मोठा कप आणला, त्यात मी आता कोथिंबीर लावलीय.

आमच्या शरणबसवनं (बापच तो, त्याला वाईट वाटणारच) तिच्याशी बोलणं टाकलं होतं. सात रस्ता चौकातल्या आपल्या चादरींच्या दुकानात कुणी विचारलं तर “बँकेत हाय” म्हणायचा. त्याचा परिणाम असा झाला की शेजारची महादेवी पासबुक घेऊन हजर, “काव्या, एवढं भरून आण की गं.” आमची काव्या गेली, रांगेत उभी राहिली, भरून आणलं. कुणाला काही बोलली नाही. पुढं एकदा ती दुकानात बसली होती. एका बाईनं सगळ्या चादरी उलगडायला लावल्या आणि न घेताच पायरी उतरली. शरणबसव चिडून घड्या घालायला लागला. काव्या म्हणाली, “अप्पा, ती हिरवी चादर वरच ठेवा. बाई परत येतीय. तिनं किंमत इचारताना बाकीच्या चादरींकडं बघितलं, हिरवीकडं मुद्दाम बघितलं न्हाय.” बाई रस्ता ओलांडून परत आली, हिरवीच घेऊन गेली. त्या दिवसापासून बाप-लेक बोलतात, आणि गिऱ्हाईक दारात आलं की तो आधी काव्याचं तोंड बघतो.

हां, तर गोवा. खेळ नदीत उभ्या असलेल्या एका जहाजावर होता. दारात माझी पिशवी तपासायच्या मशीनमध्ये घातली तर तिथला शिपाई घाबरला. आत गोल गोल चकत्या दिसत होत्या. काढून बघतो तर कडक भाकरी! त्यानं बोटानं वाजवून बघितली, मोठ्या साहेबाला बोलावलं, त्यानंही वाजवून बघितली. काव्यानं एक मोडून खाऊन दाखवली तेव्हा आत सोडलं.

आत थंडगार, खिडक्या नाहीत, आणि माणसं गंभीर, जणू सगळ्यांच्या घरात दहावीचा निकाल आहे. टेबलाभोवती बाप्येच जास्त. माझे गुडघे धरलेले बघून एका कोटवाल्या साहेबानं मला काव्याच्या पाठीमागं खुर्ची दिली. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला भिंतीवरची मुंगी दिसते, मग पानाचा कोपरा दिसायला कितीसा वेळ? आणि अक्का, बघते तर काय, बदामाची दश्शी!

आता तूच सांग. करमाळ्याला आपल्या ओट्यावर आपण मेंढीकोट खेळून मोठ्या झालो. दश्शी, दहाचं पान, म्हणजे मेंढी, ज्याच्याकडं मेंढ्या जास्त त्याचं राज्य. (तुझ्या हातात दश्शी आली की तुझा हात नाकातल्या चमकीला जायचा, आणि तोंडानं “माझ्याकडं काय न्हाय बाई” चालू असायचं. मला ती खोड माहीत होती म्हणून तर मी जिंकायची.) तर दश्शी बघून मला भरून आलं, मी गळ्यातलं इष्टलिंग काढून दोन्ही डोळ्यांना लावलं. समोर काळा चष्मा घातलेला एक दिल्लीकडचा गडी होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आपली पानं टाकून दिली. परत एकदा दश्शी, परत मी लिंग डोळ्याला लावलं, परत चष्मेवाल्यानं पानं टाकली. मला वाटलं, देवभोळा दिसतोय.

मग काव्याच्या पानात आले दोन एक्के. आता एक्के म्हणजे वाईट नव्हेत, पण मेंढी ती मेंढी. माझं तोंड उतरलं. म्हटलं, या डावात काही राम नाही, तोवर दोन घास खाऊन घ्यावं, आणि भाकरी काढून मोडली. त्या गप्प खोलीत फटाक्यासारखा आवाज झाला. चष्मेवाल्यानं माझं उतरलेलं तोंड बघितलं, भाकरी बघितली, आणि हसत हसत समोरच्या सगळ्या चकत्या पुढं ढकलल्या. पानं उघडली. त्या खेळात हातातल्या दोन पानांत दोन एक्क्यांच्या वर काही नसतं म्हणे. त्याचं सगळं गेलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. काव्या मात्र हसली नाही. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या भाकरीकडं बघितलं, चष्मेवाल्याकडं बघितलं, आणि उभी राहिली. कोटवाल्याला बोलावून सगळ्यांसमोर म्हणाली, “साहेब, माझी आजी मागनं पानं बघती आणि तिचा चेहरा बोलतो. मला आत्ता समजलं. तिची खुर्ची लांब हलवा.” मग त्या चष्मेवाल्याला जाऊन सांगितलं, की आमच्या घरी दश्शी सगळ्यात मोठी असते. तो चष्मा काढून इतका हसला की डोळे पुसायला लागला. (चष्म्याखाली अगदी पोरगेला होता, तुझ्या गुरुराजएवढा.) जाताना त्यानं माझ्याकडून भाकरीचा तुकडा मागून घेतला. दात सांभाळ म्हणाले.

मी लांब, दाराजवळ, एकटी. लई राग आला होता. पोरगी जिंकत होती, तिला काय गरज होती बोलायची? पण ती माझ्याशिवायही टिकली, एकेकाला उठवत शेवटच्या दोघांत गेली. समोर मणिपूरची एक शांत बाई. आणि शेवटच्या डावात मधलं पाचवं पान पडलं ते काय? दश्शी! मी लांबूनच लिंग डोळ्याला लावलं. पण ती दश्शी त्या बाईच्या कामाची निघाली. काव्या दुसरी आली. तिनं उठून बाईचा हात हातात घेतला, आणि अक्का, तिचं तोंड अगदी जिंकल्यावर होतं तसंच होतं.

परत येताना गाडीत मी विचारलं, कशाला गं सांगितलंस? तर म्हणती, “आजी, मी त्याला वाचून जिंकले तर ते माजं. तुज्या मेंढीकोटानं जिंकले तर ते माजं न्हाय की.”

असो. चटणीत लसूण जरा जास्त पडलाय, भावजींच्या खोकल्याला बरा. लग्नाला आम्ही येतोच. काव्याचं काय ते तू थोरली आहेस, तू ठरव. मी त्यात एक शब्द बोलणार नाही.

तुझी धाकटी,
दाक्षायणी

ता. क. एकच शब्द बोलते. गुरुराजला सख्खी बहीण नाही. पाळण्यात होता तेव्हापासून राखी काव्याच बांधते. मग मांडवात दिवा घेऊन त्याच्या मागं करवली म्हणून दुसरी कुणाची पोर उभी करणार तू? काव्यालाच बोलव, कुंकू लावून, नावानं बोलव. नवरीकडच्यांनी विचारलं तर ताठ मानेनं सांग, पत्ते खेळती, आणि जिंकणं आपलं नसलं तर भरल्या टेबलावरनं उठून सांगती. त्यांच्या घरात असं कोण आहे ते त्यांना विचार.

आणखी ता. क. फोनवर तू तिला आणू नको म्हणालीस तेव्हा ती माझ्या मागं उभी होती. फोन ठेवून मी रडायला बसले (राग नव्हता, नुसतं रडू होतं), तर तीच मला समजावती, “आजी, थोरल्या आजीचा हात चमकीवर हुता. तिला मनातनं मी पायजे हाय.” करमाळ्याच्या ओट्यावरची तुझी खोड मी तिला कधी म्हणजे कधी सांगितली नव्हती.

शेवटचं. पाकीट मी चिकटवून दिलंय, आत काय आहे ते काव्याला माहीत नाही. चटणी देऊन ये एवढंच सांगून पाठवलंय. पण पंख्याखाली बसून ती डब्याकडं बघत असल्यासारखं दाखवती, त्यावर जाऊ नको. आता चमकीवरचा हात खाली घे अक्का, तिनं कधीच बघितलाय. ऊठ, कुंकवाचा करंडा आण.