नोवाई गुझेच्या लोमा वह्या कोणाच्या हाती जाव्यात

मी, नोवाई गुझे, वय एकाहत्तर, धंदा लोमा भाषेत भाषांतर, गुडघे सोडले तर ठणठणीत. डोकं ताळ्यावर असताना, कोणाच्या धाकात न येता, स्वखुशीने हे लिहून ठेवते.

१. झोरझोरच्या वाटेवरचं पत्र्याचं घर आणि भाताची खाचरं मुलगी क्रुबो हिची. स्वयंपाकाची झोपडी मात्र पाडायची नाही, सांगून ठेवते!

२. टाइपरायटर शाळेला. लोमाची काही अक्षरं त्यात नाहीत, ती हाताने काढावीत. मी तीस वर्षं काढली.

३. भाचा झुबा याला माझी खुर्ची. लोमा शब्द नि भाषांतरं उतरवलेल्या माझ्या वह्या नाहीत. "मावशी, वह्या राजधानीत दे, त्यांवरून शिकून यंत्र एका दिवसात भाषांतर करील," म्हणतो. करील बापडं. पण चूक झाली तर त्याच्यावर खेकसणार कोण?

४. सर्व एकेचाळीस वह्या शेजारीण कोर्तो हिला. हिला अक्षर ओळखता येत नाही, हे मला ठाऊक आहे. कारण ऐका.

साथीच्या वर्षी रोग प्रेताला शिवल्यानेही लागायचा, म्हणून सरकारी पत्रक आलं: मृतांना हात लावू नका. मी शब्दाला शब्द चोख लावला. पंचांच्या झोपडीत पुरुषांनी वाचलं, माना डोलावल्या. माझी छाती फुगली. मग चुलीपाशी कोर्तोला ऐकवलं. पाम तेल ढवळता ढवळता म्हणाली, "असं कोण बोलतं गं? मेलेल्या बाईला आंघोळ आम्ही घालतो. पुरुषांचा हुकूम आम्ही का ऐकावा? आईला टाकून दिलं म्हणतील!"

मला संताप आला. पण पत्रक फाडलं. रात्रभर दोघींनी नव्याने रचलं, बाईने बाईला सांगितल्यासारखं: "तुझ्या आईला आम्ही विसरलो नाही. हात लावत नाही, ते तिच्या नातवंडांसाठी." दुसऱ्या दिवशी क्रुबोने ते चुलीचुलीपाशी वाचलं. बायका रडल्या, पण हात आवरले. आमच्या गावात त्यानंतर एकही बाई गेली नाही. याचा मला भारी अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

तेव्हा ज्याला वह्या हव्यात, त्याने आपलं भाषांतर आधी कोर्तोपुढे वाचावं. तिला पटलं नाही, तर एक पानही मिळणार नाही.

हे कलम मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "आणि मी मेल्यावर?"

"मग आतापासूनच कोणा पोरीला नाकं मुरडायला शिकव," मी म्हटलं.

उद्यापासून क्रुबोची धाकटी लेक कोर्तोच्या चुलीपाशी बसणार आहे.

साक्षीदार: पेवी अकोई, शिक्षक; यासा बेयान, सुईण.
सही: नोवाई गुझे
वोइमा गाव, लोफा. ९ फेब्रुवारी २०१९