भाताची पोती आणि सिनेमाची खोली

३ नोव्हेंबर, उत्रोली
मागच्या अंगणातली सिनेमाची खोली उभी राहिली. चारही भिंतींना खालपासून वरपर्यंत चकचकीत फरशी. हात फिरवला की तोंड दिसतं. वाडीत अशी खोली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर जुन्या खोलीत टीव्हीवर सिनेमा लावला. बायको, शालन, कानात ऐकायचं यंत्र घालून बसली. तरी तेच. "आवाज येतोय वो, पण बोलणं कळंना." विनोदावर मी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघून ती हसते. क्षणभर उशिरा. मला ते बघवत नाही. हिनं तरुणपणी भोरला जाऊन एकेक सिनेमा दोनदा पाहिलाय आणि घरी येऊन अख्खे संवाद म्हणून दाखवलेत.

नवी खोली त्यासाठीच. तिला शब्द कळले पाहिजेत. बाकी पडदा, खुर्च्या ही नुसती सजावट.

५ नोव्हेंबर
पुण्याहून मुलाचा फोन. म्हणे, खोलीच्या आवाजाचा सल्लागार नेमा, ते एक शास्त्र आहे.

भडकलो. चाळीस वर्षं माईकशिवाय सभा गाजवल्या, मला आवाज शिकवणार? ग्रीकांच्या नाट्यगृहात शेवटच्या पायरीपर्यंत शब्द पोचायचा, तिथं कोण सल्लागार बसला होता? अर्धा तास बोललो. मुलगा हूं हूं करत होता.

फोन ठेवल्यावर शालन: "तुमी हितं बोललेलं भाटघरच्या धरणावर कळतं. त्याचा मला सिनेमात काय उपेग?"

सल्लागार ठरला.

८ नोव्हेंबर
सल्लागार म्हणजे मुलगीच निघाली. ऋतुजा. फोनवर पहिलंच वाक्य, "काका, जरा हळू बोला ना, मी फोनवरच आहे."

ग्रीकांचा दाखला दिला. ती शांतपणे म्हणाली, "त्यांना छत नव्हतं, काका."

विचार करतोय.

येण्याआधी तिला एक नमुना हवाय. रिकाम्या खोलीत मोठा फुगा फोडायचा, मोबाईलवर आवाज टिपायचा आणि पाठवायचा. त्यावरून तिला कळतं म्हणे, खोली किती घुमते. चला, शास्त्र फुग्यापर्यंत आलं!

११ नोव्हेंबर
दुपारी आभाळ भरून आलं. वाडीत सगळ्यांचं भात झोडून पोत्यात भरलेलं, पडव्या अपुऱ्या. शेजारचा बाळू पळत आला, "अण्णा, आता काय करायचं?" म्हणालो, आणा सगळं इकडं. छप्पर ज्याला लागतं त्याचं. तासाभरात अख्ख्या वाडीची पोती माझ्या नव्या खोलीत. भिंतींना लावून, पार छताला टेकेपर्यंत. मधे जेमतेम उभं राहायला जागा.

तिथंच एका पोत्यावर चढून दोन शब्द बोललो. काय मजा आली! शब्द तोंडातून निघतो आणि जिथं टाकला तिथंच बसतो.

पाऊस चार थेंब पडला आणि गेला.

१२ नोव्हेंबर
फुगा फोडला. बाळूची बायको दारातून किंचाळली. तेवढा भाग काढून पाठवला.

१३ नोव्हेंबर
ऋतुजाचा फोन. खूश! "काका, खोली कमाल आहे. भिंतींना काही करायलाच नको."

भोरच्या हॉटेलात चहावर सगळ्यांना सांगितलं. वक्त्यानं बांधलेली खोली आहे, घुमेल कशी!

पडदा, स्पीकर लावून घेतले.

२८ नोव्हेंबर
भात गिरणीला गेलं. खोली झाडली, खुर्च्या मांडल्या, सिनेमा लावला.

काय सांगू. एक शब्द भिंतीला आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर पाय देतो. मलाच कळेना. शालननं कानातलं यंत्र काढून पदरात ठेवलं. "डोक्यात घंटा वाजत्यात."

थोड्या वेळानं माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ द्या. मी बघीन तुमच्या तोंडाकडं."

नाही. हे चालणार नाही.

३० नोव्हेंबर
ऋतुजा आली. दारात उभी राहून एक टाळी वाजवली, भुवया वर.

"काका, फुगा फोडला तेव्हा खोलीत काय होतं?"
"काही नाही."
"भात हुतं," शालन.
"किती?"
"अख्ख्या वाडीचं."

पोरगी उंबऱ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसली. मी म्हणालो, पोती काय बोलतात का? "बोलत नाहीत काका, आवाज पितात. म्हणून तर म्हटलं होतं, रिकामी खोली."

मग पोतीच ठेवू कायमची, मी म्हणालो. खोलीही सुधारेल, वाडीचं भातही राहील. मुद्दा चांगला होता.

शालन: "आन् उंदरांची तिकिटं कोण फाडणार?"

४ डिसेंबर
उपाय ठरला. लाकडी चौकटी, आत जाड लोकर भरायची, वरून कापड. भिंतीभर आणि छतालाही. माझी फरशी झाकली जाणार. एक तरी भिंत उघडी ठेवा म्हणालो. दोघी एकदमच "नाही" म्हणाल्या.

कापडातून हवा आरपार गेली पाहिजे, तरच आवाज आत लोकरीपर्यंत पोचतो म्हणे. तोंडाला लावून फुंकून बघायचं. मी आणलेलं चमकदार पडद्याचं कापड फुंकता फुंकता माझेच गाल फुगले. शालननं आतून धुतलेलं गोणपाट आणलं, एक फुंकर मारली, समोर ऋतुजाच्या बटा उडाल्या. गोणपाट पास. म्हणजे पोती आलीच परत!

जाताना ऋतुजा: "आवाज मोठा करून काही होत नाही, काका. स्पष्ट हवा."

माझ्या आयुष्यभराच्या वक्तृत्वावर इतक्या थोड्या शब्दांत कुणी हल्ला केला नव्हता.

२० डिसेंबर
आज पहिला खेळ. मी, शालन, बाळू. रिमोट शालनच्या हातात, ऋतुजाची तशी ताकीदच आहे. शालननं आवाज कमी केला. मी म्हणालो, वाढव. म्हणाली, "गप बसा."

विनोदी सिनेमा. मी पडदा कसला बघतो, अंधारात तिच्याकडंच बघत होतो. आणि मधेच ती हसली. मोकळी, मान मागं टाकून. माझ्याकडं न बघता!

तिच्या तोंडाकडं बघून मीही हसलो.

क्षणभर उशिरा.

"काय म्हणाला तो?" मी हळूच विचारलं. तिनं कानाशी येऊन अख्खा संवाद सांगितला, नक्कल करून. बाळू म्हणाला, "अण्णा, तुमाला नाय कळलं? चांगलं तर ऐकू येतंय."

२१ डिसेंबर
शालन सकाळपासून कालचे संवाद म्हणत घरभर फिरतेय. भाकरी थापतानाही. किती वर्षांनी!

सोमवारी भोरला तिच्या कानांची आणि यंत्राची तपासणी आहे. "तुमीबी बसा की त्या खुर्चीवर," म्हणते. मी म्हणालो, मला काय झालंय? ती काहीतरी बोलली, मग हसली.

जाईन. सोबत म्हणून. खुर्चीचं तिथं गेल्यावर बघू.